पंचवटी वेळेवर सुटली

नाशिक रोड,
सोमवार, १२ फेब्रुवारी १९७९

आदरणीय चिमाजीमामा यांना भाची विशाखाचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे काल पहाटेपर्यंत नक्की होतो. त्यानंतर कसे आहोत ते पत्रात पुढे येईलच. सरूमामींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना त्या अजून रेल्वेला बोल लावतात का? (क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर दिले ते रेल्वेने, पण गुडघा घरून आणलेला आहे, असे तुम्ही त्यांना ऐकवल्याचे त्यांनीच मला कळवले आहे. तुम्ही असे बोलू नये.) मी बी.ए. झाले म्हणून तुम्ही पाठवलेले पेन उत्तम चालते. जरा जास्तच चालते, आणि या सगळ्या प्रकरणाचे मूळ तेच आहे, असे आता वाटते.

जयरामशेठ यांनी ‘गोदातीर्थ सहल कंपनी’ काढल्याचे मी मागे लिहिले होते. कंपनी म्हणजे एक निळी मिनीबस आणि नाथा नावाचा ड्रायव्हर. यात्रेकरूंना रविवारी एका दिवसात सगळे नाशिक दाखवायचे आणि शहराची माहिती सांगायला कोणीतरी शिकलेले माणूस हवे, म्हणून मी अर्ज केला. एक फेरी सांभाळून दाखवा, जमले तर नोकरी, असे ठरले. घरात पहिली पदवी आणि लगेच पहिली नोकरी, तीही इतिहासाची, या कल्पनेने मी आठ दिवस नीट जेवले नाही. आजी तर कॉलनीत सगळ्यांना सांगत सुटली, ‘आमची विशाखा आता नाशिक दाखवणार हाय.’ जन्मभर नाशकात काढलेल्या बायकाही, बरं झालं बाई, आम्ही कुठं पाहिलंय, असे म्हणू लागल्या.

मी बेचाळीस पानांची वही लिहून काढली. जयरामशेठनी ती तांबड्या पेन्सिलीने तपासली आणि फक्त दोन ठिकाणी थांबले. पांडवलेण्यांच्या पानावर मी लिहिले होते की ही लेणी पांडवांची नसून बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. त्यावर ते म्हणाले, ‘बाई, लोक पांडव बघायला येतात. आपल्याकडे पांडव आहेत, मग देत का नाही?’ दुसरे ठिकाण काळाराम मंदिराचे. तिथे शेवटी एक ओळ होती की १९३० साली सत्याग्रही आत जाऊ द्या म्हणून याच दरवाजाबाहेर उभे राहिले आणि त्यांत माझे आजोबा भिमाजीही होते. ही ओळ त्यांनी खोडली. रागाने नव्हे, सुट्टीच्या दिवशी माणसांना कशाला त्रास, अशा मायेने खोडली. वही माझी होती, पण बस त्यांची होती.

हस्तपत्रक मात्र त्यांनी पूर्णपणे माझ्यावर सोपवले. यात्रेकरूंनी कुठे जमायचे ते त्यात लिहायचे होते. जयरामशेठ म्हणाले, ‘गंगेवर या’ असे लिहा. मामा, गोदावरीला गंगा म्हणणे कसे अशास्त्रीय आहे ते मी मागच्या पत्रात तुम्हाला दोन पाने समजावले होते. तेवढेच मी त्यांनाही समजावले. ते दमले. मग मी तुमच्या पेनाने, एकही शब्द वावगा न वापरता लिहिले: ‘सर्वांनी पहाटे साडेसहा वाजता पंचवटी गाठावी. उशीर झाल्यास गाडी सुटेल.’ हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, मामा. तुम्ही मनमाड जंक्शनावर बावीस वर्षे काढली आहेत. तुम्हाला त्यात जे दिसले, ते मला इतिहासात पहिला वर्ग मिळूनही दिसले नाही.

काल साडेसहाला पंचवटीत रामकुंडापाशी अकरांपैकी नऊ माणसे जमली. सटाण्याकडच्या ठमाबाई आणि त्यांचे भाऊ पुंजा, ही दोन माणसे आली नव्हती. ती आदल्या रात्री एस.टी. स्टँडजवळच्या धर्मशाळेत उतरली होती. वाट पाहता पाहता मी नऊ जणांना ही नदी गंगा का नव्हे ते सांगायला सुरुवात केली. (थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला भूगोल सांगू नये, हे कोणत्याच पुस्तकात नाही.) साडेसात झाले तरी दोघांचा पत्ता नाही. तेवढ्यात नाथाच्या ओळखीचा एक रिक्षावाला चहाला थांबला आणि मोठ्या अभिमानाने सांगू लागला की आज सकाळी आपण पुण्य जोडले. स्टँडवर एक म्हातारी आणि तिचा भाऊ हातात बोचकी घेऊन, ‘पंचवटी, पंचवटी, गाडी सुटेल’ म्हणून रडकुंडीला आले होते. ‘काय हाणलीय रिक्षा, नाथा! पार नाशिकरोडला! गाडी फलाटाला लागलेलीच. गाठून दिली त्यांना पंचवटी!’

मामा, तुमच्या रेल्वेबद्दल मला नितांत आदर आहे, पण पंचवटी एक्सप्रेसने रोज इतके वेळेवर असावे का? एखाद्या दिवशी दहा मिनिटे रेंगाळली असती तर काय बिघडले असते? रामकुंडापासून चालत वीस मिनिटांवर उतरलेली माणसे रिक्षाने मुंबईच्या गाडीत नेऊन बसवली, आणि तीही माझ्या शुद्ध मराठीच्या जोरावर. नाथा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, आता?’ मी म्हटले, चला. काय करायचे ते मला मुळीच माहीत नव्हते, पण ‘चला’ हा शब्द मार्गदर्शकाने ठामपणे म्हणावा एवढे मला ठाऊक होते.

अशा रीतीने गोदातीर्थ सहल कंपनीची पहिली फेरी तीर्थाकडे पाठ करून निघाली. बसमधल्या नऊ जणांना वाटले, कार्यक्रमच असा आहे. मी वही उघडली, तर बेचाळीस पानांत नाशिक रोडचे नाव नव्हते. जिथे मी जन्मले, वाढले, त्या जागेबद्दल सांगण्यासारखे काही असेल असे मला वाटलेच नव्हते. शेवटी मी तोंडाला येईल ते सांगू लागले: ती भिंत दिसते ना, तिच्या आत आपल्या खिशातल्या नोटा छापतात, माझे वडील तिथेच काम करतात आणि आत काय चालते ते त्यांनी घरात कधीही सांगितलेले नाही. सगळी बस एका बाजूला झुकली. रामकुंडापाशी जांभया देणारे लोक आता, वडील कुठल्या दाराने जातात, शाई हाताला लागते का, असे विचारू लागले. आणि तेवढ्यात वडीलच, आमचे दादा, समोर! रविवारचा बाजार घेऊन सायकलवरून येत होते. मी त्यांना दाखवले. लोकांनी हात हलवले. दादांनी मेथीची जुडी किंचित वर केली आणि काहीही न विचारता पुढे गेले. (घरी आल्यावर एवढेच म्हणाले, ‘नाशिक इकडे आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.’)

स्टेशनावर पुंजाभाऊ बाकावर दोन्ही बोचकी मांडीवर घेऊन बसलेले सापडले. गर्दीने ठमाबाईंना बायकांच्या डब्यात चढवले आणि ते खालीच राहिले. फलाटावरच्या एका भल्या माणसाने देवळालीला फोन करून त्यांना उतरवून घ्यायला सांगितले होते. आम्ही देवळाली कॅम्पला पोचलो तेव्हा ठमाबाई एका जवानाच्या बायकोशेजारी बसून चहा पीत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सासवांबद्दल बोलणे चालले असावे, कारण दोघी हसत होत्या. गाडीत त्यांनी तिकीट म्हणून माझे हस्तपत्रक दाखवले होते आणि प्रत्येकाला विचारले होते की रामकुंड कधी येणार.

मी हात जोडून माफी मागितली. त्यावर त्या जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाल्या, मी तर रिक्षावाल्याला ‘गंगेवर ने’ म्हणणार होते. पण पुंजा म्हणाला, कागदावर पंचवटी लिहिलंय, शिकलेल्या बाईनं लिहिलंय, तसंच म्हण. मामा, त्या ‘गंगेवर’ म्हणाल्या असत्या तर नाशकातल्या कोणत्याही रिक्षाने त्यांना डोळे मिटून रामकुंडावर सोडले असते. बसमध्ये नाथा आरशातून माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होते.

देवळालीहून पाथर्डीच्या रस्त्याने पांडवलेणी जवळ पडतात, म्हणून भर उन्हात आधी तिथे गेलो. पायऱ्या चढून वर आल्यावर सगळे धापा टाकत सावलीत बसले. पांडव द्यावेत की खरे सांगावे, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. नोकरी समोर दिसत होती. मी खरे सांगितले. ही लेणी भिक्खूंची, पावसाळ्यात राहायला कोरलेली. कोणी राजाने दान दिले, कोणी राजाच्या आईने, आणि त्यांची नावे अजून दगडात आहेत. मग एकाने विचारले, मग भीमाची गुंफा कुठली? (भीम आमचाही आहे, पण तो इथे राहत नव्हता, हे मी मनातच म्हटले.) जयरामशेठचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण ठमाबाई भिंतीवर हात फिरवत म्हणाल्या, पांडवांच्या घरी भीम होता, त्याला असले डोंगर फोडायला काय लागतं! ह्या बिचाऱ्यांच्या घरी तसं कोण होतं? तरी एवढं झालं, म्हणजे मोठंच काम म्हणायचं. मग सगळे उठून पुन्हा एकदा लेणी बघायला लागले, आणि या वेळी हात लावून.

काळारामाला दुपार उतरल्यावर पोचलो. मंदिराचे दगड, कळस, वर्षे, सगळे पाठ म्हटले. खोडलेली ओळ आली तशी मी थांबले. लोक चपला काढून आत निघाले आणि, बाई, तुम्ही पुढे व्हा, म्हणू लागले. मामा, दार आता सगळ्यांना उघडे आहे हे मला माहीत आहे. पण आजोबा म्हणायचे, उघडं दार असावं म्हणून उभा राहिलो होतो, आत काही हवं होतं म्हणून नाही. त्यामुळे आमच्या घरातले कोणी कधी गेलेले नाही. मी म्हटले, आतले तुम्ही पाहून या, बाहेरचे मी सांगते. आणि ती ओळ सांगितली. एका ओळीची केव्हा दहा मिनिटे झाली कळले नाही, कारण आजी भाकरी घेऊन यायची आणि आजोबा आधी शेजारच्याला द्यायचे, हे वहीत नव्हतेच. दोघेजण मधेच आत निघून गेले. त्यांना ऐकायचे नव्हते, तो त्यांचा हक्क. बाकीचे थांबले. मग तेही आत जाऊन आले. ठमाबाई बाहेर आल्या, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, ‘बाहेरचं पुन्हा सांग, माय. आतमधी मनं ध्यान नव्हतं.’

संध्याकाळी रामकुंडावर पाण्यात पाय सोडून त्यांनी मला विचारले, ‘हाई गंगाच शे ना?’ शास्त्र, भूगोल आणि दोन पाने माझ्या ओठांवर आली होती. मी म्हटले, हो, गंगाच.

जयरामशेठ बसची वाट पाहत उभे होते. मी काही बोलायच्या आत ठमाबाईंनी त्यांना सांगून टाकले की आगगाडी, नोटा, पलटण, लेणी, देव आणि गंगा, एवढे एका दिवसात कोणी दाखवत नाही. शेठ माझ्याकडे, नाथाकडे आणि हस्तपत्रकाकडे आळीपाळीने पाहत राहिले. रात्रभर विचार करून आज सकाळी त्यांनी निर्णय दिला: बसमध्ये पांडव राहतील, खाली उतरल्यावर मी काय सांगते ते त्यांच्या कानावर येऊ नये. तांबड्या पेन्सिलीने खोडलेले त्यांना रबराने पुसता आले नाही, म्हणून त्यांनी त्या ओळीखाली ‘राहू द्या’ असे लिहिले. मी त्याला विजय समजते.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपावे. तुमच्या पेनाने आता मी जरा सावकाश लिहीन.

तुमची आज्ञाधारक,
विशाखा

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण लिहायचे राहिले. शेठनी एक नवी अट घातली आहे: नोकरी पक्की व्हायला येत्या रविवारी पंधरा माणसे भरली पाहिजेत, आणि अकराच झाली आहेत. तुम्ही, मामी आणि रेल्वे कॉलनीतले आणखी दोघे असे चौघे आलात तर बस भरते. मामींना सांगा, लेण्यांच्या पायऱ्या फारशा नाहीत. (आहेत. पण सांगू नका.)

ता. क. मनमाडहून तुम्ही पहाटेच्या पंचवटीनेच या. ती वेळेवर असते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? बस तुमच्यासाठी थांबवीन. मात्र नाशिक रोडला उतरल्यावर रिक्षावाल्याला चुकूनही ‘पंचवटी’ म्हणू नका. तो म्हणेल, आत्ताच तर उतरलात. ‘गंगेवर’ म्हणा. मागच्या पत्रातली ती दोन पाने फाडून टाकली तरी चालतील.

ता. क. आजी येणार आहे. पहिल्या बाकावर खिडकीजवळची जागा तिने आत्ताच धरून ठेवली आहे. तिला पंधरांत मोजायचे नाही, असे तिचे स्वतःचेच म्हणणे आहे. काळारामाच्या दारापाशी तू गप उभी राहा, म्हणाली. ‘मी काय बघायला नाय येत, पोरी. मी सांगायला येते.’