बॉनेटखालचे ठोके

सोमवार, ३
नव्या गॅरेजातला पहिला दिवस झकास गेला. मालक सरळ माणूस, चहा स्वतः ओततो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली की दुखणं कुठंय ते मला कळतं, हे त्याला जुन्या मालकानं आधीच सांगून ठेवलेलं. दिवसभर मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता. घरी येऊन हे सांगितलं, तर लेक म्हणाली, मग मी हाक मारते तेव्हा कसं ऐकू येत नाही? बायको पोट धरून हसली. आम्हा तिघांचं इथं छान जमेल.

बुधवार, ५
एक शिक्षिकाबाई गाडी घेऊन आल्या. इंजिन चालू केलं की बॉनेटखालून एक ठोका येतो. टक्. मग काही नाही. आधी चार यायचे, मग तीन, मग दोन, असं त्या म्हणाल्या. कमी होतायत म्हणजे बरंच की, मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

शुक्रवार, ७
पट्टा काढून पाहिला, टॅपेट तपासले, इंजिनाखालचे रबर बदलले. ठोका आपला तसाच. स्क्रूड्रायव्हर सांगतो, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. तो उघडला तर बेअरिंग नवंकोरं. शेवटी धंद्यातला नेहमीचा उपाय केला : संशय असलेला भाग चांगल्या गाडीत चढवून बघायचा. माझी गाडी त्याच मॉडेलची. चढवला, किल्ली फिरवली.
तीन ठोके. तिथं एक आणि इथं तीन? डोकंच चालेना.

शनिवार, ८
बाईंचा अल्टरनेटर त्यांच्या गाडीत परत बसवला. तिथं आता आवाजच नाही. माझ्या गाडीत माझाच जुना, तरी तीन ठोके. बाईंचे डोळे भरून आले. घरी किती जण, त्यांनी विचारलं. तीन म्हणालो, तर त्यांनी माझी माफी मागितली आणि निघून गेल्या. मग मालकानं सांगितलं. त्या घरात चौघं होते. नवरा, दीर, सासू, दीड वर्षात एकामागून एक गेले.
चार, तीन, दोन, एक. बोटांवर मोजलं मी.

सोमवार, १०
गाडीला हात लावायचा नाही, बायकोला बजावलं. कारण सांगता येईना, म्हणून ती चिडली. काल रात्री बॅटरीची वायर काढून टाकली. सकाळी बॉनेटवर कान ठेवला. इंजिन बंद — तरी तीन.

मंगळवार, ११
तीन. देवा, तीनच राहू देत.

बुधवार, १२, सकाळ
दोन.
दोनदा ऐकलं — दोनच —

दुपार
धावत शाळेत गेलो. लेक वर्गात होती, खिडकीतून दिसली. बायकोनं फोन उचलला. दोघींना घरी आणलं, समोर बसवलं. कपाळाला हात लावून पाहिला, नाडी पाहिली. दोघी ठणठणीत. बाबाला वेड लागलंय म्हणते लेक. लागू दे! रडलो मी, लाज सोडून, आनंदानं. काही झालेलं नाही. ठोके दोन, आणि या दोघी — बरोबर जुळतं —
दोघी.
पण घरात तर आम्ही तिघं — मग मी — माझी नाडी तर पाहिलीच नाही —