हरवलेला पाना

आई (माहेरच्या नव्हे, तुम्हीच),

सून विमान कंपनीत फायली तपासते, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. फायलींबरोबर मी मेकॅनिकांची कामंही तपासते, हे सांगायचं राहूनच गेलं.

आज तुम्ही लेकीकडे जायला विमानात बसलात, तेव्हा त्याच विमानाचं काम उरकून मेकॅनिक नुकतेच परतले होते. मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तीत प्रत्येक पान्याची खाच ठरलेली असते, आणि एक खाच रिकामी होती. चिमटा जागेवर नसला की तुम्ही घर डोक्यावर घेता ना? मी अख्खा विमानतळ घेतला. विमान अडवलं.

मॅनेजर धावत आले. "मॅडम, स्वस्त तिकिटांची कंपनी आपली, खोळंबा परवडत नाही. पाना नवा आणू!"

पाना आणतील हो, पण सासू?

तेवढ्यात तुमचाच फोन. "कुणी अडेलतट्टू बाई विमान सोडत नाहीये म्हणे! असलीला घरी कोण सहन करतं गं?"

"बिचारी सासू, दुसरं कोण!" मी म्हटलं.

पाना इंजिनाच्या झाकणाआड सापडला. विमान तसंच उडालं असतं तर... जाऊ दे. मी तिथेच नाचायची बाकी होते.

आत्ता लेकीकडे पोचून तुम्ही त्या बाईचा उद्धार करताय, आणि मी फोन स्पीकरवर ठेवून हे लिहितेय. पत्र काही पाठवणार नाही. खरं कळलं तर तुम्ही गप्प व्हाल. करा, आणखी उद्धार करा. आवाज कसा खणखणीत येतोय!

तुमची,
तीच अडेलतट्टू