सिस्टीम फास्ट झाली की वर जाईन

३ मार्च, सोमवार
हॉस्पिटलचा डेटाबेस आजपासून माझ्या ताब्यात. साहेब म्हणाले, डॉक्टरांना जुने रिपोर्ट लवकर सापडत नाहीत, बघा काहीतरी. बघायचं काय त्यात? इंडेक्स करायचे. पुस्तकाच्या मागे सूची असली की अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही, तसंच.
दादा तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट आहे. किडनी. मी तळमजल्यावर. रोज लंचला वर जायचं, ठरलं.

६ मार्च, गुरुवार
लंच टेबलावरच. पेशंटच्या नावावर इंडेक्स केला, शोध चुटकीसरशी. साहेब खूश. एकाने एवढं, तर सगळ्याच रकान्यांवर केले तर?
टीममधली नवी मुलगी म्हणाली, सर, लोक ज्यावर खरंच शोधतात त्यावरच करू या, तेही आधी तपासून. प्रत्येक नव्या नोंदीला सगळे इंडेक्स बदलावे लागतात, नोंदी रखडतील. मुलगी हुशार आहे, पण धाडस नाही.

८ मार्च, शनिवार
दादाकडे उभ्या उभ्या जाऊन आलो. बस जरा, म्हणाला. म्हटलं, सोमवारी निवांत येतो. चेहरा सुजलाय. औषधांमुळे असणार.

१२ मार्च, बुधवार
सोमवार राहून गेला. पण सगळे रकाने झाले. रक्तगट, पत्ता, अगदी शेरासुद्धा. नवी मुलगी म्हणत होती, गर्दी ओसरल्यावर करू. थांबणं आपल्या स्वभावात नाही. भर सकाळी केले. काउंटर ठप्प. काउंटरवाल्या बाई नको नको ते बोलल्या. टेक्निकल माणसाला हे सोसावंच लागतं.

१४ मार्च, शुक्रवार
तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा फोन. रिपोर्ट सेव्ह होत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. म्हटलं, सारखं क्लिक करू नका. फोन ठेवता ठेवता म्हणाली, तुमचे भाऊ विचारत होते. सिस्टीम फास्ट झाली की येतोच, म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार
नोंदींचा वेग वाढावा म्हणून आणखी एक इंडेक्स केला. परिणाम दिसायला वेळ लागेल.
वहिनीचा मेसेज: भाऊजी, आज याच. हे वाट बघतायत. नेमकी साहेबांची मीटिंग. उद्या नक्की.

१९ मार्च, बुधवार
दादा सकाळी गेला. मी तेव्हा खाली गाडी लावत होतो.
दादाला घरी न्यायचे कागद मिळायला काउंटरवर त्याची नोंद व्हावी लागते. वहिनी आणि मी उभे. स्क्रीनवर गोल फिरत होतं. मागे रांग. काउंटरवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा स्क्रीनकडे.
वहिनीने हळूच विचारलं, भाऊजी, हे तुमचंच काम ना?
म्हटलं, नेटवर्क स्लो आहे.

३१ मार्च, सोमवार
रजा संपली. मधल्या काळात नव्या मुलीने वापरात नसलेले इंडेक्स काढून टाकले, मोजकेच ठेवले. शोध फास्ट, नोंदी फास्ट. माझाही विचार तसाच चालला होता.
त्यामुळे लंचला काही काम नव्हतं. वर गेलो. दादाच्या कॉटवर कुणीतरी म्हातारे गृहस्थ झोपले होते. सिस्टरने विचारलं, कुणाला भेटायचंय?
कुणाला नाही, म्हटलं. कॉम्प्युटर नीट चालतोय का, बघायला आलो.
ती म्हणाली, आता छान चालतोय.