सोळा किलो आणि माझी पाठ

१२ जानेवारी
गेलो एकदाचा! चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, पाठीची पार कमान झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लोपातिन, असंच चाललं तर पुढच्या वर्षी फक्त स्वतःच्या बुटांशी बोलाल." म्हणून केटलबेल – वर मूठ असलेला लोखंडी गोळा. तळघरातली व्यायामशाळा, शिकवणारे सावेली इग्नातिच – वय सत्तर, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. माझ्या मागे जाऊन उभे राहिले. "अरे, या कमानीखालून होडी जाईल की!"
गोळ्याला हात लावू दिला नाही. भिंतीला पाठ टेकवून उभं केलं – पाऊण तास!
घरी बायको, रिम्मा, म्हणाली, "भिंत तर आपल्या घरीही होती."

१४ जानेवारी
भिंत.

२ फेब्रुवारी
सोळा किलोचा गोळा मिळाला! दोन पायांमधून झोका देऊन वर आणायचा. "हातानं ओढू नकोस, कमरेनं ढकल! बटाट्याचं पोतं आहे का ते?" चौथ्या झोक्याला गोळा माझ्याशिवायच पुढे गेला. कोणाला लागलं नाही. बाकाला लागलं.

१९ फेब्रुवारी
पाठ धरली. गोळा उचलताना नाही – मोजा घालताना! जमिनीवर तासभर पडून होतो. रिम्मानं काखेत हात घालून ओढलं, पण जमेना; शेवटी वरच्या मजल्यावरच्या दोघांना बोलावून आणलं तिनं. मलम चोळताना एवढंच म्हणाली, "सोड हे खूळ." नंतर गप्प. तिचं गप्प राहणं बरं नसतं.

१ मार्च
परत भिंत. पहिल्यापासून.

२३ मार्च
आता गोळा डोक्यावर न्यायचा. वीस वेळा नेला. वीसही वेळा इग्नातिच ओरडले – "धरला नाही!" म्हणे कोपर सरळ नाही, हात पुढे जातो, खांदे आत वळलेत. वीस उचलले आणि हिशेबात शून्य! गोळा आपटून आपटून हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा झालाय. दुकानात गिऱ्हाईक हळूच विचारतं, "बायकोनं?"

१७ एप्रिल
"एक!" म्हणाले. एक! लगेच दुसरा नेला.
"धरला नाही."

३ मे
सलग सहा धरले. शर्ट आता पाठीवर तंग होत नाही, पोटावर होतो. इग्नातिचनी ज्येष्ठांच्या स्पर्धेत परस्पर नाव घातलं. "तिथे आमची माणसं कमी पडतात," म्हणाले. कौतुक असं करतात!

२४ मे
स्पर्धा. दहा मिनिटं, गोळा खाली ठेवायचा नाही. उचलले एकतीस, धरले सतरा. तिघांत तिसरा! पण शेवटच्या मिनिटापर्यंत ठेवला नाही खाली.
बाकावर बसून चहा पितोय तोच भोंग्यातून नाव – "लोपातिना!" मी उठलो. इग्नातिचनी खांदा दाबून खाली बसवलं. "तू नाही रे. तू लोपातिन; लोपातिना म्हणजे बाई. बायकांचा गट सुरू झालाय."
रिम्मा! डोक्याला रुमाल, अंगात माझीच निळी जर्सी. माझ्याकडे एक नजरही टाकली नाही. बारा किलोचा गोळा, चौऱ्याऐंशी वेळा. एकदाही "धरला नाही" नाही.
"सकाळच्या तुकडीत येते," इग्नातिच म्हणाले. "मार्चपासून. तुला सांगायचं नाही, असा दम दिलाय मला."

२५ मे
विचारलं – का गं? कांदा चिरता चिरता म्हणाली, "तू पुन्हा पडलास तर उचलणार कोण? दर वेळी लोकांची दारं ठोठावू?"
दुकान आता अकराला उघडेन. सकाळची तुकडी नऊची आहे.