तंबूला लागणारे कापड

२ जुलै
बोर्डिंगमध्ये दाखल. बारावीचे हे एक वर्ष इथे काढायचे, असे आईने ठरवले. मला विचारले ते एवढेच की चादर कोणती देऊ. मामाच्या शिलाईच्या दुकानात दोन वर्षे मशीन चालवलेला माणूस आहे मी. एकोणिसाव्या वर्षी घंटेवर उठणार नाही म्हणजे नाही.

३ जुलै, पहाटे ५
घंटेवर उठलो. घंटा नेमकी माझ्या खिडकीखाली आहे. हे उठणे धरू नये.

५ जुलै
नियमावली तीनदा वाचली. कलम अकरा: पहिल्या चाचणीत एखाद्या विषयात पस्तीसच्या खाली गेल्यास पालकांना बोलावून विद्यार्थी परत. यांनीच दार उघडे ठेवले आहे. गणितात नापास व्हायचे. मुद्दाम.

९ जुलै
नापास होण्यातही शिस्त हवी. काय चुकवायचे हे कळायला बरोबर काय ते आधी यायला हवे. म्हणून रोज दोन तास गणित. याला अभ्यास म्हणत नाहीत.

१४ जुलै
मुलांवर वचक बसला आहे. आज सात जण आपणहून खोलीवर आले. चार पँटच्या चेन, दोन बटणे, एक उसवलेला खिसा. माझ्याशिवाय यांचे पान हलत नाही.

२० जुलै
गणिताचे सर भर वर्गात मला म्हणाले, "तू काठावर सुटलास तरी आम्हाला पावलं रे." मागचे बाक हसले. काठावर! बेत बदलला. आता साठच्या वर मार्क घेणार आणि मग ताठ मानेने निघून जाणार. यांना चुटपुट लागली पाहिजे.

२१ जुलै
ऑफिसातून घरी फोन केला. माझ्या मशीनवर धाकटी बहीण बसते. मामाच्या मते तिची टीप माझ्यापेक्षा सरळ येते, तेव्हा मी निवांत शिकावे. माझ्या वेळी मशीन तेल मागत होते; आता घातले असेल, म्हणून सरळ येत असेल.

२४ जुलै
गणिताची चाचणी. बरेच प्रश्न परके वाटले, पण शेवटचा घरचाच होता. शंकूच्या आकाराचा तंबू, किती कापड लागेल? उत्तर दोनशे वीस चौरस मीटर आले. मग विचार केला: शिवणीत जाणारे कापड कुठे आहे? खालची दुमड? पहिल्या पाण्यात आटेल ते? दोनशे वीस खोडून दोनशे पस्तीस लिहिले. वर्गात हे कोणालाही सुचले नसणार.

२८ जुलै
खरेच कोणाला सुचले नाही. तंबूला पाच मार्क होते. मला शून्य. एकूण एकतीस.
पेपर घेऊन सरांकडे गेलो. दोनशे वीसमध्ये तंबू होऊच शकत नाही, हे टेप काढून दाखवले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले.
"अरे, हा तंबू कोणी शिवणार नाहीये."
"मग त्यात राहणार कोण?" मी म्हणालो.
सरांनी चष्मा पुसला. मार्क वाढवले नाहीत.

२९ जुलै
कलम अकराचे पत्र दोन-तीन दिवसांत घरी जाणार. खरे तर मला हेच हवे होते. फक्त बहीण मशीनवरून उठेल का, हे कळत नाही. आणि मुद्दाम नापास झालो असे मामाला सांगायचे, तर त्या पेपरात मी पुरवणी जोडली होती.
मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. एक महिना द्यावा. कच्चा मसुदा दोनदा, पक्का एकदा. 'कृपया' तीन ठिकाणी आले. त्यातले एकही काढता आले नाही.

३१ जुलै, रात्री ९
अर्ज मंजूर. पत्र थांबवले. अट एकच: रोज संध्याकाळी आठवीच्या मुलांबरोबर गणिताला बसायचे. मान्य केले, कारण मी इथे माझ्या मर्जीने राहतो आहे.
वेळेआधी दहा मिनिटे पोहोचलो. पोरे एकदम उभी राहिली. पुढच्या बाकावरच्याने अदबीने विचारले की सर, तुम्ही कोणता विषय शिकवणार. गणित, असे सांगून मी त्यांना बसायला सांगितले.
तेवढ्यात सर आले. त्याच मुलाला त्यांनी जरा सरकून मला जागा द्यायला सांगितले.