‘आमनं घर’ इथपर्यंतच

मृत्युपत्र

मी, श्रीमती दिपमाला रुपचंद बाविस्कर, वय सहासष्ट, धंदा शिवणकाम, राहणार स्टेशन रोड, चाळीसगाव, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मला कोणी भाग पाडलेलं नाही, कोणी भुलवलेलंही नाही. तुम्ही रागात आहात का, असं वकिलांनी विचारलं. आहे. रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असा कायदा नाही, हे त्यांनीच मान्य केलं.

कलम १. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते फार गुळमुळीत होतं. मृत्युपत्रात शेवटचं खरं धरतात. गाण्यात पहिलं खरं, आणि हे ज्याला कळत नाही त्याच्यासाठी पुढची कलमं आहेत. घराचं सगळ्यात शेवटी लिहीन.

कलम २. बँकेतली ठेव मुलगा हितेंद्र (राहणार नाशिक) आणि मुलगी कामिनी (राहणार धुळे) यांनी सारखी वाटून घ्यावी. सोन्याची पोत सूनबाई मयुरीला. तिच्यावर माझा राग नाही, तिला आमच्या गाण्यातल्या ओळीचं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

कलम ३. पायाचं शिलाई मशीन कामिनीला. माझी मोठी कात्री नणंद लताबाई यांच्याकडे आहे. चार दिवसांसाठी म्हणून नेली तेव्हा कामिनी शाळेत जात होती, आता कामिनीची मुलगी कॉलेजात जाते. कात्री कामिनीने स्वतः जाऊन आणावी. लताबाईंनी त्या कात्रीने कागद कापले आहेत, हे मला ठाऊक आहे आणि ते मी माफ करत नाही.

कलम ४. माझ्या लोखंडी कपाटात बेबाबाई नरडाणेकर यांच्या ‘कानबाईनी रात’ या एकाच कॅसेटच्या नंतर निघालेल्या सगळ्या आवृत्त्या आहेत. रौप्य आवृत्ती, मग विशेष आवृत्ती, मग रसिक आवृत्ती खोक्यासकट, आणि आता ही सुवर्ण आवृत्ती, पेनड्राइव्हवर. प्रत्येकीवर ‘सोबत नवीन बोनस गाणी’ असं ठळक छापलेलं आहे. पहिल्या वेळचं बोनस गाणं म्हणजे जुनंच गाणं, ढोलकी मोठी केलेली. दुसऱ्या वेळचं म्हणजे तेच गाणं, बाईचा आवाज काढून नुसतं वाजवलेलं. तिसऱ्या वेळी बाई गाण्याआधी घसा साफ करतात आणि कोणाला तरी चहा आणायला सांगतात, तेवढंच. मी जुन्या ब्लाउजला नवी लेस लावून नवा म्हणून दिला असता तर चाळीसगावच्या बायकांनी माझं दुकान पेटवलं असतं. पण धुळ्याच्या पांझराकाठ ऑडिओच्या शेठला कोणी विचारत नाही. मी दर वेळी चडफडत घेतलं. न घेता राहवत नाही, हे त्याला पुरतं माहीत आहे आणि तो त्याच्यावरच जगतो. या सगळ्या आवृत्त्या कामिनीने त्याच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवाव्यात. टपालाने पाठवू नयेत, त्याला तोंड दाखवून ठेवाव्यात.

कलम ५. रागाचं खरं कारण इथे नोंदवते, म्हणजे मागाहून कोणी ‘म्हातारीचं डोकं फिरलं होतं’ असं म्हणायला नको.

मूळ कॅसेट माझे यजमान रुपचंद यांनी आणली तेव्हा हितेंद्र पाळण्यात होता. शेवटचं गाणं, श्रावणात एका रात्रीसाठी घरी बसवतो त्या कानबाई देवीला निरोप देण्याचं आहे. बेबाबाई गातात, ‘जाय माय जाय, मांगे वळीसन दख, आमनं घर’, आणि तिथे कॅसेट संपते. रेकॉर्ड करणाऱ्याने रीळ मोजली नाही, ओळ अर्धी राहिली. पहिल्या वर्षी सोमवारी सकाळी, कानबाई उचलून तितूर नदीवर विसर्जनाला न्यायच्या आधी, आम्ही ते गाणं लावलं. टेपचं बटण खटकन वर आलं आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा रुपचंद यांनी त्याच सुरात ओळ पुरी केली, ‘उघाडं शे’. आमचं घर उघडं आहे, पुढच्या श्रावणात ये. त्या दिवसापासून बटण वर आलं की सगळं घर ती ओळ म्हणतं. ते गेल्यावर मी सुरुवात करते आणि बाकीचे मागून म्हणतात. पाचोऱ्याच्या एका घरात ‘भरेल शे’ म्हणतात, असं ऐकलं आहे. तेही बरोबर.

या श्रावणात हितेंद्र छोटा स्पीकर घेऊन आला आणि मला न विचारता त्याने माझ्या कपाटातली, मी अजून न ऐकलेली सुवर्ण आवृत्ती लावली. भाऊबंद उभे होते, पाट उचलायला हात लागले होते. ‘आमनं घर’ आलं, मी तोंड उघडलं, आणि बेबाबाई पुढे गायल्या. ‘आमनं घर सोनानं.’ मागून ढोल, टाळ्या, पुन्हा ‘सोनानं, सोनानं’. कामिनीने ‘उघाडं’ म्हणायला घेतलं होतं, तिचा आवाज त्या गोंगाटात बुडाला. कानबाई तशीच गेली. तिला आमच्या घरातून कोणी काही म्हटलं नाही.

मी स्पीकर बंद केला. हितेंद्र म्हणाला, “आई, आते गानं पुरं व्हयनं. बिघडनं काय?” काय बिघडलं ते त्याला कळलं नाही, याचंच मला जास्त लागलं. त्याच दुपारी तो घर विकण्याचं बोलला. दलाल त्याने आधीच पाहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेले. शेठ म्हणाला, “अक्का, अर्धं गानं कोन इकत लेस?”

मी म्हटलं, “मी लिधं ना भाऊ. दर येळे लिधं. पन हाऊ पुढला आवाज कोना शे?”

“बेबाबाईनाच शे. कंप्युटरवर बनाडा.”

बेबाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या बाईच्या तोंडात या माणसाने एक शब्द घातला, तोही असा की तिने जन्मात म्हटला नसता. तिचं घर मी पाहिलं आहे, नरडाण्याला, स्टेशनच्या मागे, पत्र्याचं. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि शेठने मला थंड पाणी मागवलं. ते मी प्यायले नाही.

कलम ६. म्हणून हे स्पष्ट लिहिते. हितेंद्र आणि कामिनीच्या फोनमध्ये माझे बोललेले निरोप आहेत. माझ्यानंतर ते ऐकावेत, वाटलं तर पुसावेत. पण कोणत्याही यंत्रात घालून माझ्याकडून नवीन काही म्हणवून घेऊ नये. नातवंडांच्या वाढदिवसालाही नको. मी जे बोलले तेवढंच मी बोलले. दशक्रियेला त्या कंपनीचं काहीही वाजता कामा नये.

कलम ७. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायची आमची रीत आहे. हितेंद्र नाशिकला गेला तरी त्याची मूठ मी एकदाही चुकवली नाही. कामिनीच्या नावाची काढायची रीत नाही. मी दर वर्षी काढली. भाऊबंदांना आज कळेल, त्यांनी हवं तेवढं रागवावं.

कलम ८. मूळ कॅसेट आणि टेप हितेंद्रला. कामिनीला दिली नाही, कारण तिला ती पाठ आहे. रीळ अडकली तर ओढू नये.

कलम ९. घर. दोन खोल्या, पुढचं दुकान, मागची मोरी आणि ओटा, हे सगळं स्वकष्टाचं आहे. हितेंद्र आणि कामिनी यांना निम्मं निम्मं. कायद्यासाठी इतकं पुरे, असं वकील म्हणतात. पुढचं कायद्यात बसत नाही, तरी लिहिते.

माझ्यानंतरच्या पहिल्या कानबाईला तुम्ही दोघांनी या घरात यावं. सोमवारी सकाळी तीच कॅसेट, त्याच टेपवर लावावी. बेबाबाई ‘आमनं घर’ म्हणून थांबल्या की पुढचं तुम्ही म्हणायचं. तुमचे बाबा ‘उघाडं शे’ म्हणायचे, मी तेच म्हणत आले. तुम्ही काय म्हणायचं ते मी ठरवून देत नाही, मेल्यावर तुमच्या तोंडात शब्द घालणारी मी कोण? मात्र घर विकायचं ठरवलं असेल, तर ते दलालाला सांगण्याआधी तिथे, कानबाईच्या पाटापुढे उभं राहून, मोठ्याने म्हणा. ‘आमनं घर इकनं शे’, आमचं घर विकायचं आहे. चालीत बसतं. मी म्हणून पाहिलं आहे.

वरचा मजकूर माझ्या हाताने लिहिला आणि साक्षीदारांना वाचून दाखवला. यात पुढे कोणी भर घालू नये.

ठिकाण : चाळीसगाव
दिनांक : २१ ऑगस्ट २०२५

सही : दिपमाला रुपचंद बाविस्कर

आमच्यासमोर सही केली :
१. सुकलाल ओंकार खैरनार, शेजारी
२. उषा भिकन जगताप, दुकानातल्या जुन्या सहकारी