अर्थिंग तुटलेलं होतं

मॅडम, काल संस्थेच्या सचिवांनी पुढं केलेल्या अहवालावर मी सही केली नाही. मुलींच्या वसतिगृहात पाण्याच्या कूलरचा एका मुलीला शॉक बसला. जीव वाचला, हात मात्र भाजलाय. अहवालात लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा.’ मी स्वतः कूलर उघडून पाहिला होता. अर्थिंगची वायर कुठंच जोडलेली नव्हती, नुसती गुंडाळून मागं खोचलेली. सचिव म्हणाले, “मॅडम, तुमची अजून आठ वर्षं नोकरी आहे.” मी म्हटलं, “हो. आणि ती मी इथंच काढणार आहे.” सही न करताच बाहेर आले. पण काय पाहिलं ते माझ्या हातानं लिहून, आवक-जावकचा शिक्का घेऊनच आले. तुम्हाला सोडून कुणाला हे सांगावंसं वाटेना.

तुम्ही या कॉलेजात आलात तेव्हा इलेक्ट्रिकल शिकवणारी बाई इथं कुणी पाहिलीच नव्हती. प्राचार्यांनी तुम्हाला पहिल्या वर्षाचं गणित दिलं. मशीन लॅबमध्ये पदर अडकेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी पदर कमरेला खोचून तुम्ही शिपायाकडून लॅबची किल्ली मागून घेतलीत आणि निवृत्त होईपर्यंत परत दिली नाहीत. शनिवारी पारनेरकडच्या गावांत जाऊन विहिरीवरच्या मोटरी तपासायचात. आमच्या विहिरीवर आलात तेव्हा मी दहावीत होते. दादा घरी येऊन आईला म्हणाले, “लई शिकलेली बाई हाय, पर सोता मोटर खोलती. आपल्या पोरीला हेच शिकवायचं.”

शिकायला आले खरी, पण लॅबमध्ये जोडणी बरोबरची मुलं करायची आणि मी वहीत आकडे उतरवायची. एकदा तुम्ही पाहिलंत. सगळ्या वायरी काढून टाकल्यात. “कारकून व्हायला आलीस का इथं?” सगळ्यांसमोर. सगळे घरी गेल्यावरही मला तिथंच उभं केलंत, आणि तिसऱ्या खेपेला मोटर फिरली तेव्हा ‘शाबास’ सुद्धा म्हणाला नाहीत. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

मी तुमच्याच हाताखाली नोकरीला लागले त्या वर्षी ते कारखान्याचं प्रकरण झालं. पंपाच्या मोटरीला हात लागून एक कामगार गेला आणि कारखान्यानं कॉलेजचा अहवाल मागितला. कारखान्याचे अध्यक्ष तेच आपल्या संस्थेचे अध्यक्ष, त्यामुळं काय लिहायचं ते आधीच ठरलेलं. अजून दिसतं मला: तुम्ही चिखलात उकिडव्या बसलाय, अर्थिंग तपासायच्या मीटरची खुंटी जमिनीत ठोकताय, मी आकडे लिहितेय. अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली. त्या माणसाची बायको फाटकापाशी उभी आहे. ती तुम्हाला विचारते, “बाई, माझ्या मालकाची चूक हुती का वो?”

“नव्हती,” तुम्ही म्हणालात. “तसं लिहून देते.”

आणि दिलंत. अहवालाच्या खाली माझंही नाव टाइप केलेलं होतं. ते तुम्ही खोडलंत. “तू अजून कायम झालेली नाहीस,” एवढंच म्हणालात. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या अहवालामुळं त्या कामगाराच्या बायकोला कारखान्यात कामावर घ्यावं लागलं. तुमचं विभागप्रमुखपद मात्र महिन्याभरात काढून घेतलं, तुमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला दिलं. तुम्ही त्याच्या खोलीत जाऊन त्याचं अभिनंदन केलंत, आणि घंटा झाल्यावर वर्गावर गेलात. शेवटपर्यंत तुम्हाला ते पद परत मिळालं नाही. लोक अजून म्हणतात, बाईंनी थोडं जुळवून घ्यायला हवं होतं. मी हे ऐकून घेत नाही. आता तर मुळीच नाही. उद्या माझी बदली करोत, चौकशी लावोत. मी आहे.

हे पत्र मी घडी करून कपाटात ठेवणार आहे. एक गोष्ट राहिली. तुम्ही गेलात त्या दिवशी मी अंत्यसंस्काराला भिंगारला आले नाही. अध्यक्ष तिथं येणार होते, आणि त्यांनी मला तुमच्या माणसांत धरू नये असं वाटलं. ताप आहे म्हणून तुमच्या बहिणीला कळवलं.

ताप नव्हता, मॅडम.